पार्टिसिपलची साकी

मारुतीराव : छे, छे. असं दाराला टेकून उभं राहून कथा ऐकायची नसती, यल्लाप्पा. आतली बाई बाहेर यायला येळ हाय, तोवर तुम्हाला उसंत हाय. या, बाकड्यावर असं माझ्याजवळ सरका. एका सासूची आन् सुनेची कथा सांगतो. पोथीतली न्हवं, आमच्या निपाणीत घडलेली. ऐकून जीव निवला न्हाई तर तुमचा पट्टा आन् बिल्ला मी घालीन, आन् दिवसभर तुमच्या जागी नावं पुकारीन.

यल्लाप्पा : सांगा की री आप्पा. सक्काळधरनं पुकारून घसा वाळून गेलाय. पण हळू बोला हं. आत परीक्षा घ्यायला मडमसाहेब बसलंय. त्याला भिंतीपल्याडचं ऐकू येतंय बगा. वीस वरसं ह्या दारावर हाय मी, असलं कान कुठल्या सायबाचं बघितलं न्हाई.

जयाबाई : मामा, आता कथा नको ना. माझ्या डोक्यात आधीच सगळं एकात एक गुंतलंय. आतली बाई बाहेर आली की कदाचित माझंच नाव असेल.

मारुतीराव : तू वाच की बाळ. मी कुठं तुला सांगतोय? मी शिपाईसायबांशी बोलतोय. तर बरं का यल्लाप्पा, निपाणीत एक होती राजाबाई. तंबाखूच्या वखारीत जर्दा निवडायची. अक्षराची ओळख म्हणाल तर शून्य. पण मठात कीर्तन हाय असं कानावर पडलं की हातातली पाटी खाली ठेवून, धुळीचं लुगडं झटकून, बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसणार. बुवांची एखादी चाल एकदा ऐकली की ऐकली. म्हातारपणी नवऱ्याचं नाव विसरंल, पण चाल विसरायची न्हाई.

यल्लाप्पा : मग, वारलं ते?

जयाबाई : वारल्या कशानं? आत्ती घरी धडधाकट आहेत. काल मोटारीवर पोचवायला आल्या होत्या. मामा, ‘होती’ काय म्हणता?

मारुतीराव : अगं, कथेत ‘होती’च म्हणावं लागतं. ‘हाय’ म्हणून कथा सुरू केली तर ती कथा वाटती का? चावडीवरची चौकशी वाटती. राजाबाई म्हणजे माझीच बायकू, यल्लाप्पा. आन् ही तिची सून, जयाबाई. आमचा एकच लेक व्हता, शामू. प्लेगात गेला. ही तवा विशीची. पदरी पोर न्हाई. भावकी म्हणाली, हिला माहेरी नंदगडला धाडून द्या. राजाबाईनं तिसऱ्याच दिवशी हिचा हात धरला आन् धाडलं.

यल्लाप्पा : माहेरी?

मारुतीराव : शाळंत. गल्लीच्या टोकाला मुलींची शाळा हाय. तिथं आधी मुलींच्या मागं बसून शिकली, मग म्होरं उभी राहून शिकवायला लागली. आज सात वरसं शिकवतीया. आता सरकारचा नवा हुकूम आलाय. ट्रेनिंग झालेली मास्तरीण असंल तरच ठेवायची. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, जूनपासून तुम्ही घरी.

यल्लाप्पा : म्हणून ही ट्रेनिंग कॉलेजची परीक्षा व्हय. अवघड हाय बगा. बाया आल्या पाच, जागा एक. त्यातनं इंग्रजीची तोंडी म्हणजे तर मडमचा जीव की प्राण.

जयाबाई : एक जागा हे ठाऊक आहे मला. अन् पुढच्या साली माझं वय बसत नाही, हेही ठाऊक आहे. आज नाही झालं तर आत्तींच्या शेजारी बसून जर्दा निवडायचा. कामाची लाज नाही मला. पण आत्तीच म्हणतात, त्या धुळीनं माझी छाती गेली, तुझी मी जाऊ देणार नाही. रात्रंदिवस खोकतात. आता मला वाचू द्या.

यल्लाप्पा : काय वाचतीस एवढं? पान एकच दिसतंय मघाधरनं.

जयाबाई : पार्टिसिपल.

यल्लाप्पा : हां, ते. मघाशी आत गेलतं ती खानापूरची बाई, ते त्याच्यावरच रडत बाहेर आलं. काय असतंय ते?

जयाबाई : तेच तर कळत नाही. क्रियापदाच्या पोटी जन्मतं अन् विशेषणाचं काम करतं. हे मला पाठ आहे. पण ते नक्की आहे कोण? एकदा वाटतं क्रियापद आहे, एकदा वाटतं नाही. ‘रनिंग’ घ्या. घोडा धावतोय, तिथंही रनिंग. धावणारा घोडा, तिथंही रनिंग. एक क्रियापद अन् दुसरा पार्टिसिपल. ओळखायचा कसा? तोंड तर तेच.

यल्लाप्पा : आमच्या साडूसारखं हाय की हे. सकाळी माळ घालून देवळात, दुपारी गुत्त्यात. तोंड तेच.

मारुतीराव : दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात तसली गत. मला तर वाटतं सायबानं मुद्दाम केलंय हे. आपल्यात बघा, ‘धावणारा’ म्हटलं की लहान पोराला कळतं.

जयाबाई : आपल्यात कळतं, पण का कळतं ते सांगता येतं का तुम्हाला, मामा?

मारुतीराव : न्हाई बा.

जयाबाई : मग. अन् पुढं त्याहून मोठं जंगल आहे. पार्टिसिपल एकटा आला तर निदान दिसतो. आपल्याबरोबर चार-सहा शब्दांचं लटांबर घेऊन आला की त्याला फ्रेज म्हणायचं. ही फ्रेज चुकीच्या जागी बसली की वाक्य चूक. पुस्तकात उदाहरण दिलंय. त्याचं मराठी होतं, ‘दूध पीत असता घंटा वाजली.’ इंग्रजीत ते वाक्य चूक आहे म्हणे. का? तर म्हणे घंटा दूध पीत होती असा अर्थ निघतो.

मारुतीराव : निघंना का. त्यात चूक काय?

जयाबाई : मामा, घंटा दूध कशी पिईल?

मारुतीराव : का न्हाई पिणार? देवानं भक्ताच्या हातची दुधाची वाटी रिकामी केली, हे कीर्तनात मी शंभर येळा ऐकलंय. डोळ्याला धार लागती माझ्या. देवळातल्या घंटेनं घोटभर घेतलं तर सायबाच्या बापाचं काय जातंय?

यल्लाप्पा : हे मडमला सांगू नका हं आप्पा. त्याला भक्ती चालत न्हाई. स्पेलिंग चालतंय.

जयाबाई : बघा, असं होतं. जरा कुठं कळल्यासारखं वाटतं, की कुणीतरी त्यात दूध ओततं. परत सगळं पांढरं.

मारुतीराव : बरं बरं, राहिलं. मी आपली माझी कथा म्होरं नेतो. तर यल्लाप्पा, असला हुकूम येणार अशी कुणकुण लागली तशी, तीन वरसांमागं, हेडमास्तरांकडं ही गेली. म्हणाली, मला इंग्रजीचं व्याकरण शिकवा. ते म्हणाले, बाईच्या डोक्यात मराठी मावलं हेच नवल समजा. आन् कव्हर नसलेलं एक पुस्तक हिच्या हातात दिलं. बस. तेवढंच त्यांचं शिकवणं. ही रोज जात्यापाशी बसून ते पुस्तक घोकायची. घोकायची आन् विसरायची. एक दिवस राजाबाई काय म्हणाली? ‘जया, ह्याला चाल न्हाई म्हणून ह्यो राहत न्हाई. चाल असंल तर दगुडसुद्धा ध्यानात राहतो. म्हण बघू एकदा सावकाश.’ हिनं म्हटलं. राजाबाईनं डोळं मिटलं, मांडीवर टाळी धरली, आन् ती इंग्रजी व्याख्या साकीच्या चालीत बसवली.

यल्लाप्पा : साकी म्हणजे, कीर्तनात बुवा मधी मधी गातंय ते?

मारुतीराव : तेच ते. लांब सूर, मागं झांज. मी स्वतः बुवांच्या मागं तीस वरसं टाळ धरतोय. मलासुद्धा एवढी नेटकी बसवता आली नसती. तिला अर्थ ठाऊक न्हाई, अक्षर ठाऊक न्हाई. पण सून एक शब्द गाळायची की ही जर्दा निवडता निवडता म्हणायची, ‘थांब. एक मात्रा कमी भरली.’ पुस्तक उघडून बघावं तर खरोखरच एक शब्द गळालेला.

जयाबाई : तीन वर्षं रोज आत्तींनी माझा धडा तपासला. पुस्तकाला हात न लावता.

मारुतीराव : पुढची गंमत ऐका. ती साकी वखारीत गेली. चाळीस बाया जर्दा निवडताहेत आन् एका सुरात म्हणताहेत, ‘अ पार्टिसिपल इज अ वर्ड, बॉर्न ऑफ अ व्हर्ब.’ आमच्या शेजारची मालुबाई तर शेवटाला डोळं मिटून हात जोडायची. एकदा राजाबाईला बाजूला घेऊन विचारलं, ‘ह्यो पार्टिसिपल कुठल्या डोंगरावरचा गं? नवसाला पावतो का?’

यल्लाप्पा : राजाबाई काय म्हणालं?

मारुतीराव : म्हणाली, ‘जयाला पावला की सांगते.’

यल्लाप्पा : देवा. असं असतंय तर मग भीती कसलं? पाठ हाय ना सगळं. थांब, मी इचारतो. वीस वरसं ऐकतोय मी, मडमचा प्रश्न मला त्याच्या आवाजासकट येतोय. नीट बस. हात मांडीवर ठेव. हां. ‘टेल मी. व्हॉट इज अ पार्टिसिपल?’

जयाबाई : अ पार्टिसिपल... अ पार्टिसिपल इज...

यल्लाप्पा : बोल की.

जयाबाई : इज अ... मामा, काहीच नाही.

मारुतीराव : काय न्हाई?

जयाबाई : शब्दच नाहीत. धुऊन काढल्यासारखं झालंय. आता वाचत होते मी.

मारुतीराव : घाबरू नको. हे बघ, बाकड्यावर ठेका धरतो. घे सूर. हं.

जयाबाई : अ पार्टिसिपल इज अ वर्ड, बॉर्न ऑफ अ व्हर्ब, डुइंग द वर्क ऑफ अ‍ॅन अ‍ॅडजेक्टिव्ह.

यल्लाप्पा : आलं की. झुळुझुळु आलं.

जयाबाई : थांबवा ठेका. आता विचारा, यल्लाप्पा.

यल्लाप्पा : ‘व्हॉट इज अ पार्टिसिपल?’

जयाबाई : अ... नाही येत. ठेका थांबला की तोंड मिटतं. मामा, मी हे बोलून कधी पाहिलंच नाही. तीन वर्षांत एकदाही नुसतं बोलले नाही. गायलेच नुसती.

मारुतीराव : हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई गं.

यल्लाप्पा : अवघड झालं की. आत मडम हाय, शेजारी रावसाहेब इन्स्पेक्टर हाय. तिथं साकी म्हणायचं म्हणजे... मागं एका बाईनं पाढे ताल धरून म्हटलं तर रावसाहेबानं त्याला ‘तमाशात जा’ म्हणून सांगितलं. ऐका, असं करू. ह्या बाजूची खिडकी मी उघडी ठेवतो. मडमला सांगतो, उकडतंय. आप्पा इथं बसून काठीनं फरशीवर ठेका धरायचं. म्हाताऱ्या माणसाची काठी हाय, कोण काय म्हणतंय?

मारुतीराव : ह्यो उपाय बरा हाय, जया. लबाडी न्हवं ही. एकही अक्षर मी सांगत न्हाई. गाणाऱ्याच्या मागं टाळ धरणं ह्यात पाप हाय का? जन्मभर तेच केलंय मी.

जयाबाई : नको मामा.

मारुतीराव : का?

जयाबाई : बाहेरून ठेका आला तर आत मी परीक्षेला बसले असं मलाच वाटायचं नाही. ती काठी राहू द्या. खाली ठेवा. आतमध्ये जे होईल ते होईल.

यल्लाप्पा : दार वाजलं. ती बाई बाहेर यायलंय. आता सदलग्याची कमला पाटील हाय की तुझं नाव... थांब, यादी बघतो. तुझंच हाय. कमलाचं शेवटी हाय. ऊठ. पदर नीट कर. मडमनं बस म्हटल्याबिगर बसू नको. आन् रडू नको. रडलं की ते खिडकीबाहेर बघायला लागतंय. मग संपलं. जयाबाई शामराव, निपाणी.

(जयाबाई आत जाते. दार लागते. दोघे बाकड्यावर बसून राहतात.)

मारुतीराव : काय ऐकू येतंय?

यल्लाप्पा : मडमनं नाव इचारलं. गाव इचारलं.

मारुतीराव : आता?

यल्लाप्पा : आता तेच इचारलं. पार्टिसिपल.

मारुतीराव : मग?

यल्लाप्पा : काय न्हाई. गप हाय.

मारुतीराव : पांडुरंगा.

यल्लाप्पा : परत इचारलं. अजून गप हाय. आप्पा, हात काठीकडं जाऊ देऊ नका. तिनं नको म्हटलंय.

मारुतीराव : न्हाई न्हाई. सवयीनं गेला.

यल्लाप्पा : थांबा. ऐकू येतंय का तुम्हाला? हलकं हाय. टाळी वाजवायलंय कोण तरी.

मारुतीराव : एका हाताची हाय. मांडीवरची. धरली तिनं, यल्लाप्पा. साकी धरली. हां, लांबव सूर. लांबव. घाई करू नको. समेवर ये.

यल्लाप्पा : कोण तरी हसलं.

मारुतीराव : मडम?

यल्लाप्पा : मडम हसत न्हाई. रावसाहेब. आता मडम कायतरी म्हणालं त्याला. गप झालं ते. आता मराठीत बोलायलंय. हळू हाय, नीट कळंना. बोलतीया मात्र, तुमची सून. थांबतच न्हाई.

मारुतीराव : काय बोलती?

यल्लाप्पा : सासर, माहेर, कायतरी. परीक्षेत सासर-माहेर कशाला आलं, काय कळंना.

मारुतीराव : मलाबी कळंना. आज सकाळधरनं कायच कळंना झालंय मला.

यल्लाप्पा : आलं, आलं. कमला पाटील, सदलगा. तू जा आत बाई, चप्पल बाहेर. हां. आन् तू बस इथं आधी. पाणी पी. तोंड असं का झालंय?

मारुतीराव : जया, काय झालं बाळ? गेली जागा?

जयाबाई : मिळाली.

यल्लाप्पा : काय म्हणतीस?

जयाबाई : कमलाचं ऐकून मग सही करणार आहेत. पण मला म्हणाल्या, जूनच्या पहिल्या तारखेस वळकटी घेऊन बोर्डिंगात हजर व्हावे.

मारुतीराव : मग रडतीस का? नीट सांग. पहिल्यापासनं सांग.

जयाबाई : दोनदा विचारलं, दोनदा तोंड मिटलं. मग वाटलं, गप्प राहून जाण्यापेक्षा गाऊन जावं. मांडीवर टाळी धरली अन् म्हटलं. रावसाहेब तोंडाला रुमाल लावून हसले. मडमनं लेखणी खाली ठेवली. त्यांचं मराठी अगदी छापील आहे. म्हणाल्या, ‘हे आपणांस पाठ आहे. आता अर्थ सांगावा. जिला काहीच ठाऊक नाही, अशा एखाद्या स्त्रीस सांगावा.’

मारुतीराव : आन् अर्थ तर तुला ठाऊक न्हवता.

जयाबाई : नव्हता. पण त्या असं म्हणाल्या अन् मला समोर आत्ती दिसल्या. वखारीत उकिडव्या बसलेल्या. रोज विचारायच्या मला, ‘जया, ह्याचा अर्थ काय गं?’ अन् मी रोज म्हणायचे, ‘परीक्षेनंतर सांगते.’ मलाच कळत नव्हतं, ते लपवायचे. मग मी आत्तींनाच सांगायला लागले. म्हटलं, आत्ती, ही एक सून आहे. क्रियापदाच्या घरी जन्मली, विशेषणाच्या घरी नांदायला आली. आता ती एखाद्या नावाच्या पदराशी बसून त्याचं वर्णन करते. धावणारा घोडा, खोकणारी बाई, फाटलेलं पुस्तक. पण माहेरची चाल अंगातून जात नाही तिच्या. शांत बसून वर्णन करते, तरी आत कुठंतरी धावणं असतंच, खोकणं असतंच.

यल्लाप्पा : असं हाय व्हय ते. मडमनं वीस वरसात असं सांगितलं न्हाई कुणाला.

जयाबाई : त्यांनी विचारलं, ‘आणि फ्रेज?’ म्हटलं, नवी सून कधी एकटी येते का? संगं पाठराखीण असते, शिदोरी असते, बोचकं असतं. ते सगळं मिळून फ्रेज. अन् तिनं पंगतीत आपल्या माणसाशेजारी बसावं. भलत्याच्या शेजारी जाऊन बसली तर लोक तिला भलत्याचीच सून समजतात, अन् हिनं केलेलं काम त्याच्या नावावर जातं. मामा, हे बोलताना मला कळत गेलं. मी आधी कळून नाही बोलले.

मारुतीराव : मग ती घंटा?

जयाबाई : घंटेशेजारी भलतीच सून बसली होती. एवढंच.

मारुतीराव : आता उजेड पडला. थोडका पडला. पण मग ह्यात रडण्यासारखं काय हाय?

जयाबाई : मधलं एक सांगायचं राहिलं.

यल्लाप्पा : काय?

जयाबाई : गाऊन झालं तेव्हाच मडमनं विचारलं, ‘ही चाल आपणांस कोणी शिकविली?’ रावसाहेब तिकडे रुमाल लावून बसले होते. मला वाटलं, जर्दा निवडणाऱ्या बाईनं शिकवली म्हटलं की हे खुर्चीवरून पडतील. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘आमच्या हेडमास्तरांनी.’

मारुतीराव : हेडमास्तरांनी?

जयाबाई : हो.

मारुतीराव : हं.

जयाबाई : शेवटी मडम म्हणाल्या, ‘आपल्या हेडमास्तरांस मी पत्र लिहीन. त्यांची ही रीत इतर शाळांनीही घ्यावी.’ त्यांनी ते नाव लिहूनही घेतलं.

मारुतीराव : बरं, असू दे. राजाबाईला नावाची हाव न्हाई. तिला जागा मिळाली म्हणून सांग, ती साखर वाटंल. चाल कुणाची, काय, हे तिच्यापातूर जाणारबी न्हाई.

जयाबाई : तिथंच चुकता तुम्ही. आत्ती जागेचं नंतर विचारतील. मोटारीतून उतरले की पहिलं विचारतील, ‘साकी म्हटलीस का? मडमनं इचारलं का, कुणी बसवली म्हणून?’ काल मोटार सुटताना त्यांनी मला काय सांगितलं, ठाऊक आहे? ‘इचारलं तर माझं नाव घ्यायला लाजू नको. न्हाई इचारलं तर आपणहून घेऊ नको.’ अन् त्यांनी विचारलं, मामा.

मारुतीराव : तिनं असं सांगितलं व्हतं?

जयाबाई : हो. यल्लाप्पा, मी आत जाऊन येते.

यल्लाप्पा : डोस्कं फिरलंय काय तुझं? आत कमला बसलंय. पाटलाचं पोरगी हाय, इंग्रजी शाळेत शिकलंय. मडमनं अजून सही केलं न्हाई. आता तू जाऊन ‘मी खोटं बोलले’ म्हणून सांगितलं की संपलं. ह्या मडमला चुकलेलं चालतंय, खोटं चालत न्हाई. गेल्या साली एकीनं वय चोरलं, त्याला तिनं पायरीवरून परत धाडलं. जागा कमलाला जातंय बघ.

जयाबाई : जाईल कदाचित.

यल्लाप्पा : आप्पा, तुम्ही तरी सांगा की तिला. चार दिसानं पत्र लिहून कळवता येतंय. जागा हातात पडल्यावर.

मारुतीराव : व्हय. तसंबी करता येईल. शहाणपणाचं तेच हाय. जया, तुला खरं सांगू? मी वखारीच्या धुळीचा विचार करतोय आन् तुझ्या छातीचा विचार करतोय. दोन्ही कानांत दोन वेगळे सूर लागलेत. कुठला धरू ते कळंना.

जयाबाई : तुमचे बुवा काय करतात, मामा? दुसऱ्याची चीज गायली तर?

मारुतीराव : बुवा? बुवा गुरूचं नाव घेतात. कानाच्या पाळीला हात लावून घेतात. आन् ते कीर्तन झाल्यावर न्हाई, भर कीर्तनात, सगळ्या लोकांसमोर.

जयाबाई : रावसाहेब असतात तिथं?

मारुतीराव : मामलेदार, सावकार, सगळेच असतात. हसणारेबी असतात.

जयाबाई : मग?

मारुतीराव : मग जा. दार वाजवून जा. आन् नाव पुरं घे. नुसतं ‘सासूनं’ म्हणू नको. सासवा लई असतात.

यल्लाप्पा : अगं, पुकारल्याबिगर जाता येत न्हाई. थांब की. बाई... गेलं बघा. दार लावून घेतलं. आप्पा, वीस वरसात माझ्या दारातून असं कोण गेलं न्हवतं.

मारुतीराव : काय ऐकू येतंय?

यल्लाप्पा : काय न्हाई. तुमची सून एकटीच बोलतीया.

मारुतीराव : मडम?

यल्लाप्पा : लेखणी ठेवलं का उचललं, ते इथनं कळत न्हाई. काय व्हईल वो आप्पा?

मारुतीराव : मला इचारू नका. सकाळी मी परीक्षेला आणलेल्या सुनेचा सासरा व्हतो. आता कोण हाय, ते मलाबी धड सांगता यायचं न्हाई.

यल्लाप्पा : आन् तुमची कथा? ती तर अर्धवटच राहिलं.

मारुतीराव : राहू द्या. म्होरली मला ठाऊक न्हाई. तुम्ही एक करा, यल्लाप्पा. दिवसाला तुम्ही पन्नास नावं पुकारता, सांजच्याला विसरतासुद्धा. त्याला इलाज न्हाई. पण यादीत नसलेलं एक नाव आज ध्यानात ठेवा. राजाबाई. निपाणीच्या वखारीत जर्दा निवडती.